सात नंबरची तहान

आधीच सांगते, हे मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर मी स्वतःला यात एवढं वाईट दाखवलं नसतं.

तारीख १४ जून २०१५. रविवार. डनीडिन शहर, टेकडीवरची आमची प्रयोगशाळा, तिसरा मजला. वेळ दुपारी साडेबाराची.

हो, दुपारचीच. भुतं फक्त रात्री येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या पेशींच्या खोलीत एक रविवार काढून बघावा. त्या खोलीला खिडकी नाही. आत दुपार काय नि रात्र काय, सगळं सारखंच.

माझं नाव नायरी. तेव्हा वय एक्कावन्न, आणि त्या प्रयोगशाळेत नोकरीची सव्वीस वर्षं. आईकडून माओरी, बापाकडून स्कॉटिश. दारूला शिवत नाही. झोप गाढ लागते...

लागायची.

आमचं काम पोटाच्या विषाणूंवर. उलट्या-जुलाबांचा जो विषाणू शाळांत आणि जहाजांवर पसरतो, तुम्हाआम्हाला तीन दिवस लोळवतो आणि निघून जातो, तो. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचं म्हटलं की त्याला माणसाचं आतडंच हवं असतं. भलता हट्टी. म्हणून आम्ही आतडी वाढवायचो. रुग्णाच्या आतड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूळ पेशी जेलीच्या थेंबात ठेवायच्या, आणि आठवड्याभरात त्यांचे पोकळ गोळे होतात. मोहरीपेक्षा बारीक, पण खरंखुरं आतडं. मग त्यांना विषाणूची लागण करायची, त्याच माणसाच्या रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी सोबत सोडायच्या, आणि आतडं स्वतःला कसं वाचवतं ते बघत बसायचं.

या पेशींना एक दिवसाआड खायला घालावं लागतं. गुलाबी रंगाचं पातळ खाद्य असतं. पेशींना शनिवार-रविवार कळत नाही, म्हणून पाळ्या लावलेल्या. बाकीच्यांना रग्बी, पोरंबाळं, लग्नं. मला काहीच नाही. रविवार माझा.

एका माणसाच्या पेशी म्हणजे एक नंबर. एक ते सहा नंबर ही मोठी माणसं होती, पोटाच्या तपासणीला आलेली.

सात नंबर म्हणजे मारामा.

२०१२ मध्ये तिचा तुकडा आमच्याकडे आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. जन्मतःच तिच्या शरीरात रोगाशी लढायची ताकद नव्हती. जो विषाणू आपल्याकडे तीन दिवस राहतो, तो तिच्या पोटात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होता. आम्हाला मात्र तिच्या पेशी म्हणजे घबाड. विषाणू आला की कुणाच्याही आतड्याच्या पेशी शेजारच्यांना सावध करतात. तिच्या पेशी गप्प राहायच्या. त्यामुळे विषाणू त्यांत असा काही माजायचा की जगात दुसरीकडे कुठे तसा वाढत नव्हता.

तिला तिची आजी सांभाळायची. नॅनी हुहाना. उंच, आडव्या बांध्याची बाई, बोलायला लागली की समोरच्याने खुर्ची शोधावी. संमतीच्या कागदावर सही करायच्या आधी तिने दोन अटी घातल्या.

पहिली, पेशींच्या खोलीच्या दाराशी पाण्याची वाटी हवी. माणसाच्या अंगाचा भाग हाताळून बाहेर पडणाऱ्याने अंगावर पाणी शिंपडूनच बाहेर जायचं, स्मशानातून निघताना करतात तसं.

आमचे प्रमुख फर्गस, त्यांना थट्टेची खोड. म्हणाले, "मग मी पण माझ्या आजोबांसाठी व्हिस्कीची वाटी ठेवतो."

"ठेव की," नॅनी म्हणाली. "फक्त स्वतः पिऊ नकोस."

फर्गस हसले आणि वाटी आली. पांढरी, चिनी मातीची. भरायचं काम माझं.

दुसरी अट मोठी होती. मारामा गेली तर तिचं जे जे आमच्याकडे असेल ते सगळं परत द्यायचं. तिच्याबरोबर पुरायचं. एक कणसुद्धा मागे राहता कामा नये.

"अर्धी पोर जमिनीत आणि अर्धी तुमच्या फ्रीझरमध्ये, हे मला चालायचं नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू आपल्यातली ना गं? निदान अर्धी तरी. याचा शब्द मी धरणार नाही, तुझा धरणार."

मी शब्द दिला.

मारामा एकदाच प्रयोगशाळेत आली होती. आठ वर्षांची असेल, दिसायला पाचची. नाकात नळी. मी तिला खुर्चीवर उभी करून मायक्रोस्कोप दाखवला.

"हे माझं पोट?"

"तुझं पोट."

"आणि ते गुलाबी?"

"त्यांचं खाणं-पिणं."

तिने वर बघितलं. तिला तोंडाने काही प्यायची बंदी होती. पोटात गेलेला प्रत्येक घोट दुप्पट होऊन बाहेर यायचा. सगळं शिरेतून. ओठ सुकले की नर्स ओला स्पंज टेकवायची, तेवढंच.

"म्हणजे यांना रास्पबेरी सरबत आणि मला स्पंज?"

"त्यांनाही रोज नाही मिळत. एक दिवसाआड."

"मग मधल्या दिवशीचं मला देत जा. माझंच पोट आहे ना ते? वाटणी दे माझी."

नॅनी खो खो हसली. मीही हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

मार्च २०१५ मध्ये मारामा गेली. नऊ वर्षांची होऊन.

माओरी रीतीने तीन दिवस तिला मराएवर, म्हणजे जमातीच्या सभाघरात, ठेवलं होतं, सगळी माणसं जमली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नॅनी तिचं उरलेलं न्यायला येणार होती. आदल्या दुपारी मी नायट्रोजनच्या टाकीतून सात नंबरच्या कुप्या काढल्या. तेवीस भरल्या. कांडीएवढ्या कुप्या, उणे एकशेनव्वदच्या थंडीत गोठलेल्या.

फर्गस दारात उभे होते.

"या गेल्या की आपलं काम संपलं," ते म्हणाले. "ज्या औषधाच्या आपण एवढ्या जवळ आलोय, ते पण. तिच्यासारखी अजून पोरं आहेत, नायरी."

"मी शब्द दिलाय."

"मला माहितीये. मी काही सांगत नाहीये. मोजणी तुझी आहे, मी बघतही नाहीये."

आणि ते खरंच पाठ फिरवून निघून गेले.

मी एक कुपी बाजूला काढली. तिच्यावरचं लेबल खरवडलं, नवं लावलं. 'चार-ब'. चार नंबरच्या डब्यात, मागच्या कोपऱ्यात ठेवून दिली. कुणी मला जबरदस्ती केली नाही. त्या पोरांचा विचार मनात होता, हे खरं. नोकरीचाही होता, हेही खरं. दोन्हींत जास्त कुठला होता हे मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी नॅनी विणलेली टोपली घेऊन आली. रडून रडून चेहरा सुजलेला.

"सगळं?"

"सगळं, नॅनी."

तिने माझ्या गालाला हात लावला. "शाबास पोरी."

मी दफनाला गेले. समुद्राकडे उतरणारी टेकडी, वारा, लहानशी पेटी, पेटीत माझी बावीस कुप्यांची टोपली. स्मशानाच्या फाटकाशी एक नळ आहे. बाहेर पडताना सगळे तिथे हात धुतात, पाणी शिंपडतात. माझ्यापुढे पन्नासेक माणसांनी धुतले.

माझी पाळी आली. मी नळ सोडला...

नळ खोकला.

एक थेंबही आला नाही.

टाकी संपली असेल, असं म्हणून मी निघाले. हात तसेच. मागे वळून पाहिलं तर नॅनी फाटकाशी उभी होती. नळाकडे बघत होती, मग माझ्याकडे.

मे महिन्यात आम्ही चार-ब वितळवली. पेशी झकास वाढल्या. आमच्या हाताखाली पिप्पा नावाची मुलगी संशोधन करायची, बडबडी आणि हुशार. तिला आम्ही खरं सांगितलं नव्हतं.

"हा चार नंबरवाला काका अचानक भलताच फॉर्मात आलाय," ती म्हणायची. "विषाणू काय वाढतोय याच्यात! कुठे होता इतके दिवस?"

मी म्हणायचे, "मागच्या कोपऱ्यात."

आणि मग तो चौदा जूनचा रविवार.

बाहेर बर्फाचा पाऊस; आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. अख्ख्या इमारतीत मी एकटी. खाली कार्ड लावून आत आले, पिशवीतला चीज रोल टेबलावर ठेवला, अंगात कोट चढवला. पेशींच्या खोलीच्या दाराशी आले...

वाटी कोरडी होती.

शुक्रवारी संध्याकाळी मीच ती काठोकाठ भरली होती. तळाशी ओलसुद्धा नव्हती. पुसून ठेवल्यासारखी लख्ख.

सफाईवाल्यांनी ओतली असेल. मी पुन्हा भरली आणि आत गेले.

पेशी ज्या कपाटात राहतात त्याला आम्ही इन्क्युबेटर म्हणतो. आत अंगाएवढी ऊब, आणि हवा ओलसर राहावी म्हणून तळाशी पाण्याचा ट्रे. दोन लिटरचा. मी दार उघडलं...

ट्रे कोरडा.

वरच्या कप्प्यांतल्या प्लेटा काढल्या. एकूणएक खळगा कोरडा. खाद्याचा गुलाबी थेंबही नाही.

पेशी तासभर कोरड्या राहिल्या तरी मरतात. या तर दोन दिवस असणार. महिन्याचं काम गेलं म्हणून मी मायक्रोस्कोपखाली बघितलं.

मेल्या नव्हत्या.

टपोऱ्या, चकचकीत, फुगलेल्या. इतक्या सुदृढ पेशी मी सव्वीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

मी काम केलं. दुसरं काय करणार? ट्रे भरला. प्रत्येक खळग्यात खाद्य घातलं. प्लेटा आत ठेवल्या, दार लावलं. आणि हातमोजे काढत असताना ऐकलं...

पेल्यातलं सरबत संपत आलं की पोरं नळीने तळ ओढतात ना? तो आवाज.

बंद दाराच्या आतून.

मी दार उघडलं. ट्रे पुन्हा रिकामा होता.

त्या दिवशी मी कोटासकट घरी गेले. चीज रोल टेबलावरच राहिला.

सोमवारी यंत्रवाला आला. दाराची रबरं तपासली, पंखा तपासला. "बाई, यात काही खोट नाही," म्हणाला. "पाणी भरायचं विसरला असाल." पिप्पाने माझ्या खांद्यावर हात टाकला. "वय झालं गं तुझं. रविवारी घरी बसून विणकाम कर." मी हसले. सोमवार ते शनिवार सगळं सुरळीत असायचं. वाटी भरलेली, ट्रे भरलेला.

रविवारी मात्र कोरडं. मी असले की.

तिसऱ्या रविवारी मी इन्क्युबेटरसमोर उभी होते. त्या खोलीत कायम हवेच्या पंख्यांची घरघर असते, इतकी कायम की ती ऐकू येईनाशी होते. अचानक काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कळायला वेळ लागला...

घरघर थांबली होती.

दिवे चालू. यंत्रांचे हिरवे आकडे चालू. आवाज तेवढा नाही.

आणि त्या शांततेत पोट गुरगुरलं.

मी पोटावर हात ठेवला. माझं नव्हतं. पुन्हा गुरगुरलं, लांबलचक, उपाशी पोराचं असतं तसं. पोलादी दाराच्या पलीकडून.

माझ्या तोंडून नाव निघून गेलं. "मारामा?"

काही नाही.

मग दारावर... माझ्या कमरेच्या उंचीवर... थंड पोलादावर वाफेचा एक डाग उमटला. कुणी काचेला तोंड लावून श्वास सोडावा तसा. मध्ये दोन ओठांची खूण.

डाग बाहेरच्या बाजूला होता. माझ्या बाजूला.

मी खाद्याची अख्खी बाटली उघडली, वाटीत ओतली, वाटी जमिनीवर ठेवली आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटले. किती वेळ, माहीत नाही. पंखे पुन्हा सुरू झाले तेव्हा उघडले.

वाटी कोरडी होती, पुसून ठेवल्यासारखी.

त्याच सुमारास पिप्पाला दुसरंच काहीतरी दिसत होतं. एक, दोन, तीन, पाच, सहा, सगळेच नंबर आता तसेच फुगलेले, तसेच गप्प. विषाणू चढवला की कुणीच शेजाऱ्याला सावध करीत नव्हतं. प्रयोगशाळेत याचा एकच अर्थ असतो. एकाच्या पेशी दुसऱ्यात सांडल्या, आणि ज्या जोमदार त्यांनी बाकीच्यांना खाऊन टाकलं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी नाचक्की नाही.

सगळ्या नंबरांचे नमुने डीएनएवरून ओळख पटवायला मेलबर्नला गेले. तसे ते पाठवतात तेव्हा काम करणाऱ्यांच्याही गालाच्या आतून कापूस फिरवून पाठवतात, आपलीच पेशी पडली नाही ना हे बघायला. फर्गस, पिप्पा आणि मी, तिघांनी दिला.

पेशींचा निकाल आधी आला. फर्गसनी मला खोलीत बोलावून दार लावलं.

"सगळे एकच आहेत," ते म्हणाले. "मुलगी. सात नंबर."

"सगळे?"

"एकूण एक. एकच बाटली सगळ्यांना वापरलीस ना? पहिल्या वर्षाची पोरं करतात तसली चूक! सव्वीस वर्षं काय शिकलीस तू?"

"फर्गस, मी दोन नंबर कधी एका वेळी टेबलावर घेतलेले नाहीत. तुम्हालाही माहितीये."

ते हळूच म्हणाले, "जुन्या कुप्या काढ. २०११ मध्ये गोठवलेल्या. मारामाचं नावही तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. त्यात तिच्या पेशी असूच शकत नाहीत."

मी काढल्या. चार वर्षांत झाकण न उघडलेल्या कुप्या, सगळ्यांची लेबलं माझ्याच अक्षरात. एकीत चर्चमधल्या साठ वर्षांच्या ऑर्गनवादक बाईच्या पेशी, एकीत ट्रकवाल्याच्या.

दहा दिवसांनी निकाल आला.

मुलगी. सात नंबर.

फर्गसनी कागद उलटा करून ठेवला. चेहरा पांढराफटक. थट्टा सुचली नाही. "घेऊन जा," म्हणाले. "सगळं. जिचं आहे तिला देऊन ये."

मी टाकी रिकामी केली. एकशे चाळीस कुप्या. थर्मासच्या पेटीत भरल्या, गाडीत ठेवल्या आणि उत्तरेच्या रस्त्याने समुद्राकाठी नॅनीच्या घरी गेले. ती अंगणात शिंपले साफ करत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. लेबल खरवडलं तेही.

ती सुरी पुसत राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "नळाने तुला पाणी दिलं नाही तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"शब्द तू दिला होतास. बोलायला हवं होतं तूच." तिने पेटीकडे हनुवटी केली. "किती आहेत?"

"एकशे चाळीस."

"मी माझी एक पोर मागितली होती गं. यात आणखी सहा माणसं होती ना? ती कुठायत?"

"ती सहाजणं जिवंत आहेत, नॅनी. त्यांच्या घरी आहेत."

"चौकशी केलीस?"

मी केली नव्हती. त्यांची नावं काढून चौकशी करायची आम्हाला परवानगी नसते.

नॅनी माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थकल्यासारखी उठली आणि पुतण्याला फावडं आणायला सांगितलं. त्याच दुपारी पुरलं. मारामाच्या पायांशी, सातही जणांसाठी प्रार्थना म्हणून. मी रडले. तिथल्या कुणापेक्षाही जास्त रडले, आणि मला कुणी थांबवलं नाही.

निघताना माझं लक्ष गेलं. मारामाच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी होती. कडेने पांढरे दगड लावलेले, गवत काढलेलं.

"ही कुणाची, नॅनी? तुमची?"

"ठेवलीये," ती म्हणाली.

फाटकाशी नळाला धो धो पाणी आलं. मी कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावर मारलं, गाडीत बसून हुंदके देत हसले. सुटले, असं वाटलं. खरंच वाटलं. दोन रविवार वाटी जशीच्या तशी भरलेली होती.

मग मेलबर्नहून गालाच्या नमुन्यांचा निकाल आला. उशिरा, कारण आमचे तीन कापूस त्यांनी मागे ठेवले होते. फर्गसनी पाकीट न उघडताच माझ्या टेबलावर टाकलं. "आता काय करायचंय," म्हणाले. "फाईलला लाव."

मी उघडलं.

पहिला, पुरुष. फर्गस.

दुसरी, स्त्री. पिप्पा. काही गडबड नाही.

तिसरा नमुना माझा...

मुलगी. सात नंबर.

मी तो कागद फाईलला लावला नाही. तो अजून माझ्याकडे आहे. कुणी म्हणेल, कापूस बदलले असतील, दुसऱ्यांदा तपासून घे. बरोबर आहे. नऊ वर्षं झाली, माझं धाडस होत नाही. पुन्हा तोच निकाल आला तर काय करू? आणि नाही आला, तर मग आता या घरात पाणी कोण पितं?

कारण उशाशी भरून ठेवलेला तांब्या रोज सकाळी कोरडा असतो. मी जेवून उठते आणि अर्ध्या तासात पोट गुरगुरतं. दिवसाला सहा-सात लिटर पाणी पिते. डॉक्टरांनी साखर तपासली, मूत्रपिंडं तपासली. काही नाही म्हणाले. तहान मात्र जात नाही. मी एक दिवसाआड रास्पबेरी सरबत आणते, फ्रीजमध्ये ठेवते, आणि संपलं की विचारत नाही.

गेल्या साली नॅनी हुहाना गेली. ब्याण्णव वर्षांची होऊन. मी दफनाला गेले.

तिला तिच्या नवऱ्याशेजारी पुरलं. टेकडीच्या दुसऱ्या टोकाला.

मारामाच्या डाव्या हाताची जागा तशीच मोकळी होती. पांढरे दगड नुकतेच धुतलेले, गवत उपटलेलं. मी तिच्या पुतण्याला विचारलं, ही कुणाची म्हणून.

तो गोंधळला. "तुमचीच ना? नॅनी सांगून गेलीये. म्हणाली, सगळं परत देते असा नायरीने शब्द दिलाय. ती येईल तेव्हा पुरा होईल."

मी फाटकाशी गेले, नळ सोडला, पाणी आलं. हात धुवायला ओंजळ भरली...

आणि धुवायच्या ऐवजी ती मी प्यायले.